टोकियो साडेअकरा तास, गुहागर साडेबारा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

२५ डिसेंबरपासून नवी मुंबईच्या विमानतळावरून विमाने उडू लागली. तेव्हापासून छताला कमळाचा आकार कसा दिला, आत काय काय सोयी आहेत, पहिल्या दिवशी कोण कोण उडाले, हे सगळे मी चष्मा लावून वाचतो आहे. पण तिथे उतरलेला माणूस पुढे पेणला, महाडला, खेडला कसा जाणार, हे काही माझ्या वाचनात आले नाही. त्याबद्दल लिहायचे आहे. पत्र थोडे लांबेल, पण प्रवासच लांबला त्याला मी काय करू?

आधी ओळख सांगतो. मी एस.टी.त ३२ वर्षे नोकरी केली, शेवटची अकरा वर्षे वाहतूक नियंत्रक म्हणून. स्थानकातल्या खिडकीत बसून ‘फलाट क्रमांक चारवर लागलेली गाडी’ असे दिवसभर पुकारणारा आवाज असतो ना, तो माझा. निवृत्त झालो तरी कुठल्याही स्थानकात गेलो की नजर आधी घड्याळाकडे आणि मग फलाटाकडे जाते. बायको याला रोग म्हणते.

गेल्या नोव्हेंबरात माझा शाळेपासूनचा मित्र आणि मी असे दोघेच जपानला गेलो होतो. मित्र निवृत्त मुख्याध्यापक, सगळे गाव त्यांना मास्तर म्हणते, म्हणून मीही चारचौघांत तेच म्हणतो. मास्तरांची मुलगी आणि जावई टोकियोत निशी-कासाई भागात राहतात. तिथे आपली माणसे पुष्कळ. किराणा दुकानाच्या रांगेत मागून ‘अगं, कोथिंबीर संपली वाटतं’ असे ऐकू आले तेव्हा मास्तर दचकून वळले होते. २०१९ साली त्याच एदोगावा भागातून योगेंद्र पुराणिक स्थानिक सभागृहावर निवडून आले, हे आपल्या वाचकांना आठवत असेल. बारा दिवस हिंडलो. फुजी दोन दिवस ढगातच होता, तिसऱ्या दिवशी अर्धा दिसला. फिरण्याचे वर्णन एवढेच पुरे, कारण पत्र परतीचे आहे.

निघायच्या दिवशी सकाळी सव्वासहाला जावयांनी आम्हाला विमानतळाच्या बसथांब्यावर आणून सोडले. ही बस मी डोळे भरून पाहिली, आणि एस.टी.वाल्याने दुसऱ्याची बस डोळे भरून पाहणे ही साधी गोष्ट नाही. पांढरे हातमोजे घातलेला एक मनुष्य थांब्यावर उभा होता. त्याने विचारले काय, तर फक्त टर्मिनलचा नंबर. नारिताला तीन टर्मिनल आहेत, त्यामुळे ज्याचे सामान आधी उतरणार ते दाराशी आणि शेवटी उतरणार ते आत, असा त्याचा हिशेब. प्रत्येक बॅगेला कागदी पट्टी बांधली आणि तिचा अर्धा तुकडा आमच्या हातात दिला. सात वाजून दहा मिनिटांची बस. मी मनगटावरच्या घड्याळाकडे बघत उभा, की निदान एक मिनिट तरी चुकू दे. सात-दहाला दार बंद झाले. त्या मनुष्याने टोपी काढली आणि बसला वाकून नमस्कार केला. आत माणसे किती, तर आम्ही धरून नऊ.

मास्तर म्हणाले, “काय कंट्रोलर, झाले समाधान?” मी म्हटले, “नऊ माणसांत डिझेलही सुटत नाही.”

हे मी जपानचे गोडवे गाण्यासाठी सांगत नाही. त्याच दिवशी त्याच नारिताहून आमचे विमान दोन तास चाळीस मिनिटे उशिरा सुटले. मागचे विमानच उशिरा आले होते. ते आम्हाला पटले. आमच्या खिडकीतही ‘गाडी मागून आली नाही’ हे सर्वांत खरे उत्तर असायचे, आणि लोकांना तेच खोटे वाटायचे. सांगायचे ते वेगळे आहे. नारिता टोकियोपासून साठेक किलोमीटरवर आहे. विमानतळ एवढा लांब म्हणजे तिथे जाण्यायेण्याची व्यवस्था हा विमानतळाचाच भाग, असे तिथे धरून चालतात. आमचा मुंबईचा विमानतळ मुंबईच्या पोटात. म्हणून बहुधा मुंबईच्या बाहेरचा माणूस तिथे उतरतो हे कुणाच्या लक्षातच येत नसावे.

तिकीट स्वस्त पडते म्हणून आम्ही बँकॉकला विमान बदलणारे घेतले होते. चूक माझीच. वेळापत्रकही मीच आखले होते: बँकॉकला दोन तास, मुंबईला रात्री दहाच्या आत, तिथून ठाणे, आणि ठाण्याला पावणेबाराच्या सुमारास कोकणकन्या. आरक्षण पक्के होते. आयुष्यभर लोकांना ‘पुढची गाडी धरायची असेल तर मध्ये वेळ ठेवा’ असे सांगत आलेला मनुष्य स्वतःच्या वेळी तेवढे विसरला.

बँकॉकला पोचलो तेव्हा पुढचे विमान गेलेले होते. कंपनीच्या माणसांनी रात्रीच्या विमानात जागा दिली आणि जेवणाचे कुपन दिले. त्या विमानतळाचे नावच सुवर्णभूमी, आणि आत गेले की मधोमध समुद्रमंथनाचा प्रचंड देखावा. एकीकडे देव, एकीकडे असुर, मध्ये वासुकी आणि वर विष्णू. त्याच्यासमोरच्या बाकड्यावर आम्ही चार तास काढले. मास्तर शाळेत शिकवायच्या सवयीने म्हणाले, “बघ, ओढतायत सगळे, पण पुढे कोणीच जात नाहीये.”

इथेच मास्तरांचे पाय सुजले. सात तास एका जागी बसल्यावर सदुसष्टाव्या वर्षी व्हायचे तेच झाले. बूट काढले ते पुन्हा पायात जाईनात. नाडी पूर्ण सैल केली, बुटाची जीभ बाहेर ओढली, मी खाली बसून टाचेत बोट घालून ढकलले, तरी नाही. शेवटी दोन्ही बुटांच्या नाड्या एकमेकींना बांधून ते हातपिशवीच्या कडीला लटकावले आणि मास्तर हॉटेलातून आणलेल्या पातळ पांढऱ्या सपाता घालून विमानात चढले. त्या सपातांतच ते मुंबईत उतरले, त्या सपातांतच एस.टी.त चढले. ज्या माणसाने ३५ वर्षे मुलांच्या पायांतल्या चपला तपासल्या, त्याची ही अवस्था.

मुंबईत टेकलो तेव्हा पहाटेचे दोन पन्नास. शिक्का मारून घेतला, सामानाच्या पट्ट्याशी येऊन उभे राहिलो. माझी बॅग आली. मास्तरांची आली नाही. पट्टा फिरत राहिला, मग एकच निळी छत्री चार वेळा फिरून गेली, मग पट्टा थांबला. त्या बॅगेत नातवंडांचा खाऊ होता त्याचे काही नाही, पण मास्तरांच्या रक्तदाबाच्या गोळ्याही होत्या. वाचकांपैकी कोणी जाणार असेल त्यांच्यासाठी सांगून ठेवतो: गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवा, आणि बॅग आली नाही तर त्या दालनातून बाहेर पडण्याआधी तिथल्याच टेबलावर तक्रार लिहून तिची प्रत घ्या. माँट्रियल करार म्हणून १९९९ चा एक करार आहे. त्याप्रमाणे आंतरराष्ट्रीय प्रवासात बॅगेची मोडतोड झाली तर बॅग मिळाल्यापासून ७ दिवसांत आणि बॅग उशिरा मिळाली तर २१ दिवसांत कंपनीकडे लेखी तक्रार करावी लागते. तोंडी भांडण कितीही जोरात केले तरी ते धरत नाहीत. टेबलावरची मुलगी बिचारी चांगली होती. तिने पत्ता विचारला. मास्तर म्हणाले, “मुक्काम पोस्ट गुहागर.” ती म्हणाली, “सर, जवळचा एअरपोर्ट कुठला?” मास्तर म्हणाले, “बाळ, हाच.”

बाहेर आलो तेव्हा पाच वाजून गेले होते. आता आमच्यापुढे काय काय होते बघा. मेट्रोचे स्थानक विमानतळाला लागूनच आहे, उत्तम आहे. पण ती मेट्रो आरे ते कफ परेड, आमच्या वाटेची नव्हे, आणि त्या वेळी ती सुरूही झालेली नव्हती. ठाण्याला पावणेसहाच्या सुमाराला जनशताब्दी येते, पण तिला आरक्षण लागते. आमचे आरक्षण होते कोकणकन्येचे, आणि ती एव्हाना चिपळूण ओलांडून गेली होती. मांडवीच्या साध्या डब्यात शिरायचे, तर मास्तरांचे पाय बघून माझीच छाती होईना. पनवेलपर्यंत टॅक्सीला दोन हजार सांगितले. तिथून महामार्गावरची एस.टी. मिळाली असती, पण तीत जागा मिळेलच असे मी, एवढी वर्षे खिडकीत काढलेला मनुष्य, छातीठोक सांगू शकत नव्हतो. मुंबईहून भरून आलेली गाडी पनवेलला उभी राहते ती वाहकाने नाही म्हणायला, हे मला ठाऊक आहे.

आणि टर्मिनलच्या त्या झगमगाटात, एवढ्या खांबांत, एवढ्या पाट्यांत, ‘महाड–खेड–चिपळूण’ अशी एकही पाटी आम्हाला दिसली नाही.

तिथेच कठड्याशी एक तिशीतला मुलगा चार खोकी घेऊन उभा होता. सुतळीने बांधलेली खोकी, वर मार्करने ‘खेड, रत्नागिरी’. मी उगाच ओळख काढली. तो कुवेतहून आलेला, दोन वर्षांनी. तोही आमच्यासारखाच रात्रीच्या विमानाचा. त्याचा भाऊ, आई आणि दोन लहान मुले रात्री नऊलाच खेडहून बोलेरो भाड्याने करून निघाली होती. येऊन-जाऊन नऊ हजार ठरले होते. “काका, प्रत्येक वेळी हेच,” तो म्हणाला. “जाताना एकदा, येताना एकदा. आमच्या वाडीतली निम्मी पोरं तिकडे. महिन्याला चार-पाच गाड्या इथे येतातच.”

मला एकदम लाज वाटली. आम्ही दोन म्हातारे हौसेला गेलेलो. आमचे हाल झाले तर झाले. पण खेड, दापोली, चिपळूण, गुहागर, श्रीवर्धन या पट्ट्यात घराघरांतून माणूस आखातात आहे, आणि गुहागर-रत्नागिरीकडचे कितीतरी जण बोटीवर. त्यांची विमाने येतात रात्री-अपरात्रीच. त्यांना आणायला घरातले सगळे रात्रभर जागून, दिवसभराची मजुरी बुडवून, कर्जाने गाडी करून येतात. मी स्थानकात अकरा वर्षे बसलो आणि अशा कितीतरी जीपगाड्या समोरून जाताना बघितल्या. वर बांधलेली खोकी, खिडकीतून लटकणारे हात. माझ्या डोक्यात एवढेच यायचे की ही खासगी वाहतूक आमचे भारमान, म्हणजे गाडीतल्या भरलेल्या जागांचे प्रमाण, खाते. ती कुठून येते आणि का येते, हे कधी विचारले नाही.

त्या मुलाने आम्हाला गाडीत घेतले. पैसे घ्यायला तयार नव्हता. त्याच्या आईनेच सांगितले, “बसा भाऊ, तुमच्या दोस्ताचे पाय बघा कसे झालेत.” मागच्या बाकड्यावर आम्ही दोघे, मांडीवर एकेक खोके, आणि मास्तरांच्या पुढ्यात चेन असलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीतले ते आखाती ब्लँकेट. वाशीच्या पुलावर मास्तर त्या ब्लँकेटवर गाल ठेवून झोपले ते थेट पेणला उठले. गालावर चेनीचे दात उमटले होते. धाकटा मुलगा, वय तीन असेल, बापाला ओळखत नव्हता. तो पूर्ण वडखळपर्यंत काकाच्या मांडीवरून बापाकडे टक लावून बघत राहिला. वडखळला वडापाव खाताना बापाने त्याला पाव भरवला, तेव्हा तो पहिल्यांदा त्याच्याकडे गेला. आम्ही तिघे-चौघे बाप्ये उगाच चहाच्या ग्लासात बघत बसलो.

महामार्गाबद्दल मी काय लिहू? पनवेल ते इंदापूर हा ८४ किलोमीटरचा पट्टा रुंद करायला घेतला २०११ साली. तेव्हा मी नोकरीत होतो. मी निवृत्त होऊन आठ वर्षे झाली. कशेडीचा बोगदा झाला, त्याने घाटाचा त्रास गेला, हे मान्य केलेच पाहिजे. पण माणगावात पाऊण तास गाडी जागची हलली नाही. नोव्हेंबरात, सण नाही, सुट्टी नाही, तरी.

खेडच्या भरणे नाक्यावर सव्वाबाराला उतरलो. तिथून चिपळूणची एस.टी. मिळाली. मला ६५ पुरी झाल्यामुळे अर्धे तिकीट, मास्तरांनाही अर्धे. वाहकाने सपाता बघितल्या आणि काही न बोलता पुढचा बाक रिकामा करून दिला. चिपळूणला गाडी बदलून मार्गताम्हाने, शृंगारतळी करीत गुहागरला घरात पाऊल टाकले तेव्हा दुपारचे तीन-वीस. दोन्ही विमाने मिळून हवेत घालवलेला वेळ साडेअकरा तास. मुंबईच्या धावपट्टीवरून माझ्या ओटीवर यायला साडेबारा. लॉगशीट लिहायची सवय असल्याने हे आकडे मी वाटेतच टिपून ठेवले होते.

आता मागणी. शेजारच्या कर्नाटकाने बंगळूरच्या विमानतळावरून थेट म्हैसूरला ‘फ्लायबस’ म्हणून सरकारी बस कधीच सुरू केली आहे. विमानातून उतरा, बाहेर या, बसमध्ये बसा, शहरात शिरायचे कारण नाही. आपल्याकडे रातराणी ही कल्पना तर एस.टी.चीच. मग मुंबईच्या सहार विमानतळाहून आणि आता नवी मुंबईहून पनवेल, महाड, खेड, चिपळूण अशी एखादी रातराणी का नसावी? नवी मुंबईचा विमानतळ तर कोकणच्या उंबऱ्यावरच आहे. परदेशी विमानांची ये-जा तिथे वाढेल तेव्हा लोकांच्या जीपगाड्या पुन्हा तिथेही जाऊन उभ्या राहतील, आणि मग आपण म्हणणार की वाहनतळ पुरत नाही.

भारमानाचा प्रश्न येणार, मला माहीत आहे. मी स्वतः किती फेऱ्या त्या एका शब्दावर बंद होताना पाहिल्या. पण हिशेब असा करा: एका घराला एका फेरीला आठ-नऊ हजार पडतात. त्यातले दोन-तीन हजार त्यांनी खुशीने एस.टी.ला दिले असते. खोक्यांसाठी मागे जागा ठेवा, त्यांचे वेगळे भाडे घ्या. विमान उशिरा आले तर काय, असेही विचारतील. तर गाडी थांबवायची नाही, दुसरी तीन तासांनी आहे असे सांगायचे, बस. माणसाला खरी वेळ कळली की तो तक्रार न करता बसून राहतो. ३२ वर्षांत मला एवढे कळले आहे.

मी एक वेळापत्रक आखून सोबत जोडले आहे. रात्री साडेअकरा, पहाटे अडीच आणि सकाळी साडेपाच अशा तीन फेऱ्या. त्यात चालक-वाहकांची बदली महाडला दाखवली आहे आणि माणगावची कोंडी धरून मध्ये चाळीस मिनिटे जास्त ठेवली आहेत. अक्षर जरा तिरके आहे, समजून घ्यावे. छापायला जागा नसेल तर निदान ज्यांच्या टेबलावर ते जायला हवे त्यांच्यापर्यंत आपण पोचवावे ही विनंती.

कळावे,
आपला,
एक निवृत्त वाहतूक नियंत्रक, गुहागर

ता. क.: मास्तरांची बॅग पाचव्या दिवशी आली. मुंबईहून स्वतंत्र गाडी करून, मागच्या सीटवर, थेट अंगणात. ड्रायव्हर सही घेऊन पाणी पिऊन परत गेला. बॅगेला वाटेत कुठेही गाडी बदलावी लागली नाही. मास्तर अजून तिच्याकडे रागाने बघतात.